मोठी गाठ ठेवली, बारकी काढली

पेशंट ४१ वर्षांची, एसटीत कंडक्टर. सातारा जिल्ह्यातली, डेपो कुठला ते सांगत नाही, ओळख पटेल अशा दोनचार गोष्टी मुद्दाम बदलल्यात आणि तिला विचारूनच लिहितेय. इथे तिला सुनंदा म्हणू. दोन मुलं, मोठा बारावीला, धाकटी आठवीत, धाकटीच्या वेळीच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं.

आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, पिशवी काढायचीय, तारीख द्या, रजेचा अर्ज आधी टाकावा लागतो." म्हणजे निदान झालेलं, निर्णय झालेला, मी फक्त कॅलेंडर बघायचं. आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे रिपोर्ट बघून दोन मिनिटांत सांगितलं होतं की एवढी मोठी गाठ आहे, मुलं झालीत, आता पिशवी ठेवून करायचंय काय. माझ्याकडे आली ती तारीख लवकरची मिळेल म्हणून, दुसरं मत वगैरे घ्यायला अजिबात नाही.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात लिहिलेलं एवढंच: बल्की युटेरस, मल्टिपल फायब्रॉइड्स, लार्जेस्ट ७.६ बाय ६.९ सेमी. म्हणजे पिशवी (गर्भाशय) मोठी झालेली, तिच्यात बऱ्याच गाठी, सगळ्यात मोठी एवढी. संपलं. बाकीच्या किती, केवढ्या, आणि मुख्य म्हणजे कुठे, काही नाही. या प्रकरणाचा सगळा घोळ त्या "मल्टिपल" शब्दात होता, हे मला पण नंतर कळलं.

तक्रार दीड वर्षाची. पाळी आठ-नऊ दिवस चालायची, पहिले तीन दिवस नऊ-दहा पॅड, रक्ताच्या गुठळ्या पडायच्या. ड्युटीवर पॅडच्या खाली जुन्या सुती साडीची घडी लावायची. खाकी कपड्यावर डाग लगेच दिसतो, त्यामुळे तिकिटाची चामडी बॅग पुढे न घेता मागे सरकवून उभी राहायची, आणि स्टँड आला की सगळे उतरेपर्यंत सीटवरून उठायची नाही. हे सांगताना तिला काही विशेष वाटत नव्हतं, बाईच्या जातीला असतंच असं म्हणून मोकळी. मी विचारलं दम लागतो का, तर म्हणे गर्दीच्या गाडीत पुढून मागे गेलं की लागतो, पण तो सगळ्यांनाच लागतो. मग तांदूळ, खडू, माती असलं काही खावंसं वाटतं का विचारलं तर हसली, आणि त्याच बॅगेतून कच्च्या तांदळाची पुडी काढून दाखवली. लोह कमी झालेल्या बाया तांदूळ खातात, माती खातात, बर्फ चघळतात, घरच्यांना ती वाईट खोड वाटते आणि कुणी डॉक्टरला सांगत नाही. तुमच्या घरात कुणी येताजाता तांदूळ तोंडात टाकत असेल तर ओरडू नका, हिमोग्लोबिन करा.

हिमोग्लोबिन आलं ७.१.

आता या आकड्यावर कुठलंच ऑपरेशन हौसेनं करायचं नसतं, पिशवी काढा नाहीतर ठेवा. त्यामुळे तारखेचा विषय आपोआप मागे पडला आणि मला महिनाभर मिळाला, खरं सांगायचं तर ते बरंच झालं. ब्लीडिंगच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, मग पाळी लांबवायच्या हार्मोनच्या गोळ्या, आणि शिरेतून लोह. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज १००० मिलीग्रॅम सलाइनमधून एकदा, आठवड्यानं परत ५००. पूर्वी लोहाच्या गोळ्या दिल्या की बाया पंधरा दिवसांत सोडायच्या, पोट बिघडतं, शी काळी होते म्हणून. हे सलाइन अर्ध्या तासात उरकतं आणि चौथ्या आठवड्याला हिचं ७.१ चं ९.९ झालं. तांदळाची पुडी त्याच्या आधीच सुटली होती.

ब्लीडिंग थांबल्यावर दोन गोष्टी केल्या. चाळिशी ओलांडलेली बाई आणि इतका रक्तस्राव, म्हणून पिशवीच्या आतल्या अस्तराचा बारीक तुकडा तपासणीला पाठवला, ओपीडीतच पातळ नळीनं घेता येतो. रिपोर्ट साधा आला, हे फार महत्त्वाचं, कारण फायब्रॉइड दिसला म्हणून सगळा दोष त्याच्यावर ढकलायचा आणि आतलं काही निसटायचं असं होऊ शकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आत पाणी सोडून सोनोग्राफी. पिशवीत बारीक नळीतून पाच-दहा मिली सलाइन सोडायचं आणि त्याच वेळी आतून सोनोग्राफी करायची. एरवी पिशवीची पोकळी म्हणजे चिकटलेली दोन पानं, मधे काय आहे नीट दिसत नाही. पाणी गेलं की पानं सुटी होतात. सलाइन गेलं, पोकळी काळी दिसायला लागली, आणि त्या काळ्या पाण्यात मागच्या भिंतीतून डोकं वर काढलेला एक राखाडी गोळा. २.८ सेंटिमीटर. लिंबाएवढा. ७.६ ची मोठी होती ती पुढच्या बाजूला, पिशवीच्या बाहेरच्या अंगाला, लघवीच्या पिशवीवर टेकलेली, आणि आतल्या पोकळीशी तिचा काही संबंधच नव्हता.

इथे थोडं थांबून सांगते, कारण पेशंटच्या हातात रिपोर्ट असतो आणि त्यातला सेंटिमीटरचा आकडा बघूनच झोप उडते. फायब्रॉइड म्हणजे पिशवीच्या स्नायूचीच गाठ, कॅन्सर नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या जागतिक संघटनेच्या २०११ च्या पद्धतीत या गाठींना जागेवरून ० ते ८ नंबर देतात. ०, १, २ म्हणजे आतल्या पोकळीत कमीजास्त घुसलेल्या, ३, ४ भिंतीतल्या, ५, ६, ७ बाहेरच्या अंगाला, ७ म्हणजे देठावर लोंबणारी, ८ म्हणजे बाकी जागच्या, उदाहरणार्थ पिशवीच्या तोंडाची. रक्त कोण सांडवतं? मुख्यतः आतल्या. लघवीला, पोटाला, कंबरेला दाब कोण देतं? बाहेरच्या मोठ्या. सुनंदाची मोठी गाठ ६ नंबरची आणि बारकी २ नंबरची, म्हणजे निम्म्याहून जास्त भिंतीत रुतलेली आणि बाकीची पोकळीत. दीड वर्ष रक्त सांडत होती ती बारकी, आणि पिशवी काढायला निघालो होतो मोठीचं माप बघून.

नवरा पुढच्या वेळी बरोबर आला. दूध संघाच्या गाडीवर ड्रायव्हर, शांत माणूस, पण हे ऐकून वैतागला. "मॅडम, एवढी मोठी ठेवायची आणि बारकी काढायची? उलटं झालं नाही का?" मी कागदावर चित्र काढलं, त्याला ते पटलं नाही. मग म्हणलं, घरामागं म्हैस बांधलीय, मोठी आहे, जागा अडवते, रात्री दावं ओढते, पण तुमच्या घरातलं धान्य काय ती खात नाही. उंदीर बारका आहे, पण तो कणगीत शिरलाय. आधी कुणाला काढणार? यावर तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "उंदीर." तेव्हापासून आमच्यात त्या दोन गाठींची नावं तीच पडली.

सासूबाई मात्र हटेनात. त्यांची स्वतःची पिशवी छत्तिसाव्या वर्षी काढलेली, जावेची काढलेली, गल्लीतल्या निम्म्या जणींची काढलेली. "काम झालं की काढून टाकायची, डोक्याला ताप नको." त्यांच्या बोलण्यात चूक काय होतं? पिशवी काढली की पाळी बंद, गाठ परत यायचा प्रश्न नाही, ते खरंच आहे, आणि मी स्वतः दर महिन्याला पिशव्या काढते, दुर्बिणीतून काढते, गरज असेल तिथे ते उत्तम ऑपरेशन आहे. पण आपल्याकडे ते पहिलं उत्तर झालंय. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या वेळी ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्या सगळ्या काही फायब्रॉइडच्या नव्हत्या, पण "काम झालंय ना" हे वाक्य तेच. सासूबाईंना मी एकच विचारलं, तुमच्या गोळ्या (अंडाशय) पण काढल्या होत्या का? त्यांना माहीतच नव्हतं. ऑपरेशननंतर वर्षभरात अंगातून वाफा यायला लागल्या, झोप गेली, हे मात्र आठवत होतं. छत्तिशीत दोन्ही अंडाशय गेले की पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात, पुढे हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आमच्या वेळी विचारायची पद्धत नव्हती."

मग पिशवी ठेवून काय काय करता येतं ते आम्ही चौघं बसून बोललो, चौथी मी.

आत बसवायचं हार्मोनचं कॉपर-टीसारखं साधन, मिरेना म्हणतात ते, ब्लीडिंगवर चांगलं. पण पोकळीत गाठ असली की ते बाहेर पडायची शक्यता वाढते, म्हणून आधी उंदीर निघायला हवा. गोळ्या-इंजेक्शनं गाठ तात्पुरती आकसवतात, ऑपरेशनआधी रक्त वाढवायला उपयोगी, बंद केली की गाठ पुन्हा वाढते. युलिप्रिस्टल नावाची गोळी मधे बरीच चालली, पण यकृताला गंभीर इजा झालेल्या केसेस निघाल्यावर युरोपात २०२० पासून तिच्या वापरावर कडक बंधनं आली, मी ती सुरूच केली नाही.

एम्बोलायझेशन यावर वेळ गेला, कारण तिच्या डेपोतल्या एकीच्या बहिणीनं पुण्यात करून घेतलं होतं. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी पिशवीच्या दोन्ही रक्तवाहिन्यांपर्यंत नेतात आणि वाळूपेक्षाही बारीक कण सोडून गाठीचं रक्त तोडतात. पॅरिसच्या जाक राव्हिना यांनी १९९५ मध्ये फायब्रॉइडवरचा उपचार म्हणून हे प्रसिद्ध केलं, त्याआधी ते ऑपरेशनच्या वेळचं रक्त कमी करायला हे वापरत होते आणि काही बायांना इतकं बरं वाटलं की ऑपरेशन करायची गरजच उरली नाही. पोटावर टाके नाहीत, पूर्ण भूल द्यावी लागत नाही, गाठ सहा महिन्यांत साधारण निम्म्यावर येते. पण पहिली रात्र जोरात दुखते, याची तयारी हवी, आठवडाभर ताप-मळमळ राहू शकते. आणि सगळ्यांचं कायमचं भागतं असंही नाही, हॉलंडमध्ये पिशवी काढणं विरुद्ध एम्बोलायझेशन अशी तुलना झाली, त्यात दहा वर्षांत साधारण तिघींतल्या एकीला शेवटी पिशवी काढावीच लागली. उलट बाजूनं बघा, दोघींची वाचली. मूल हवं असलेल्या बाईला मी सहसा हा पर्याय आधी सांगत नाही, सुनंदाचा तो प्रश्न नव्हता. तिच्यासाठी अडचण वेगळी होती, पोकळीतली गाठ रक्त तुटल्यावर तुकडे होऊन खालून पडू शकते, आठवडेच्या आठवडे पाणी जातं, जंतुसंसर्ग होऊ शकतो. जी गाठ सरळ दिसतेय, हाताला येतेय, तिच्यासाठी हा फेरा कशाला. म्हशीचा त्रास पुढे वाढला तर हा पर्याय ठेवू असं ठरलं.

एमआरआयमधे झोपवून अल्ट्रासाऊंडच्या लाटांनी गाठ जाळायची पद्धत पण आहे, अमेरिकेत तिला २००४ साली मान्यता मिळाली. ऐकायला छान, चिरा नाही काही नाही, पण मोजक्याच ठिकाणी होतं, मधे आतडं आलं की करता येत नाही, आणि सगळ्या गाठी त्याला दाद देत नाहीत. हिला लागू नव्हतं.

पोटावर तीन-चार भोकं पाडून दुर्बिणीतून मोठी गाठ तेवढी काढायची, हे नवऱ्याच्या मनात घोळत होतं, एकदाच भूल, दोन्ही कामं. करता आलं असतं. पण ७.६ ची गाठ त्या भोकातून बाहेर काढायची तर आत तिचे तुकडे करावे लागतात, आणि त्याची एक गोष्ट जगभर गाजली. बॉस्टनच्या एमी रीड, स्वतः भूलतज्ज्ञ डॉक्टर, २०१३ मध्ये त्यांची पिशवी फायब्रॉइड समजून मशीननं तुकडे करून काढली आणि आत लपलेला कॅन्सर निघाला, तो पोटात पसरला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं त्या मशीनबद्दल इशारा दिला, त्यांचा अंदाज होता की फायब्रॉइड म्हणून ऑपरेशन होणाऱ्या सुमारे ३५० बायांत एकीला असा लपलेला सार्कोमा, म्हणजे या जातीचा कॅन्सर, असू शकतो. एमी रीड २०१७ मध्ये गेल्या. आता तुकडे करायचेच तर पोटात एक थैली टाकून तिच्या आत करतात. हे मी घाबरवायला नाही सांगितलं, नवऱ्याला "एकात दोन कामं" फुकट पडत नाहीत एवढं समजावं म्हणून सांगितलं. सुनंदा मधेच म्हणाली, "म्हशीचा मला त्रास काय, लघवीला जरा जास्त जावं लागतं. त्यासाठी पोट नको."

ठरलं. हिस्टेरोस्कोपी, म्हणजे खालच्या वाटेनं दुर्बीण आत घालून बारकी गाठ खरवडून काढायची. चिरा नाही, संध्याकाळी घरी.

कंबरेतून भूल दिली, पिशवीचं तोंड हळूहळू रुंद केलं, दुर्बीण गेली. पिशवी फुगवायला सलाइन सतत आत सोडावं लागतं, तीन-तीन लिटरच्या पिशव्या टांगलेल्या, बाहेर येणारं पाणी खाली गोळा होतं, आणि आत किती गेलं, बाहेर किती आलं याचा हिशेब सिस्टर दर पाच मिनिटांनी मोठ्यानं सांगतात. फरक जो येतो तेवढं पाणी पेशंटच्या अंगात शोषलं गेलं असं धरायचं. सलाइन असेल तर तब्येतीनं धडधाकट बाईला वरची मर्यादा २५०० मिली, त्यापुढे फुप्फुसात पाणी, हृदयावर ताण. पोकळीतला भाग तारेच्या लूपनं सालपटासारखा निघाला, छान चाललं होतं. मग भिंतीतला भाग सुरू झाला आणि तिथल्या शिरा उघड्या पडल्या की पाणी भराभर शोषलं जातं. सिस्टर म्हणाल्या १४००. थोड्या वेळानं १९००. मला गाठीचं बूड दिसत होतं, अजून दहा मिनिटं मिळाली असती तर निघालं असतं असं वाटत होतं, आणि हे "असं वाटणं" हीच त्या टेबलावरची सगळ्यात धोक्याची गोष्ट. २२५० ला भूलतज्ज्ञांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. थांबले. रक्तातलं सोडियम नॉर्मल आलं, छाती साफ, रात्रभर ठेवून घेतली.

बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं की थोडी राहिलीय, परत एकदा करावं लागेल, तर त्याचा चेहराच पडला. "अर्धीच काढली?" दोन वेळा लागू शकतं हे संमतीपत्रात होतं, मी बोलले पण होते, पण घाईत, एका वाक्यात. २ नंबरच्या गाठीला दोन खेपा लागणं हे नवल नाही, आणि ते मी म्हैस-उंदरासारखं निवांत बसून सांगायला हवं होतं. सासूबाई म्हणाल्याच, "पिशवी काढली असती तर एकदात झालं असतं." मी काय बोलणार, गप्प बसले.

मधल्या दहा आठवड्यांत एक गोष्ट आपोआप होते. पिशवी आकुंचन पावत राहते आणि भिंतीत रुतलेला उरलेला भाग हळूहळू पोकळीकडे ढकलते. दुसऱ्यांदा दुर्बीण घातली तर तो तुकडा जवळजवळ आतच येऊन बसलेला, चिमटीत धरून टरफलातून शेंगदाणा काढावा तसा सुटला. अठरा मिनिटं, पाण्याचा फरक ४०० च्या आत. तुकड्यांचा रिपोर्ट दोन्ही वेळा साधा फायब्रॉइड. मिरेना बसवायचं विचारलं, तिनं नको म्हणलं, "आत आता काही नको, मोकळं राहू दे." ठीक आहे.

रजेचा हिशेब तिनंच केला. पहिल्या वेळी पाच दिवस, दुसऱ्या वेळी तीन, तेही तिसरा दिवस रविवार धरून. पिशवी काढली असती तर दीड-दोन महिने, आणि त्यानंतरही खड्ड्यांतून उभ्यानं ड्युटी.

चौदा महिने झाले. पाळी पाच दिवस, दिवसाला तीन-चार पॅड, हिमोग्लोबिन १२.१. म्हैस ७.८, म्हणजे दोन मिलिमीटरनं मोठी, पण सोनोग्राफीत एवढा फरक मोजणाऱ्या हातातही येतो. पाळी कायमची गेल्यावर ती बहुतेक आकसेल, तोवर सहा महिन्यांनी बघायचं, झपाट्यानं वाढली किंवा दुखायला लागली तर आधी एमआरआय. नवी गाठ आत होऊ शकते, हेही या वेळी मी दोन वाक्यांत नाही, नीट सांगितलं.

परवा तपासणीला आली ती ड्युटीवरूनच, बॅग पुढे घेऊन. सोनोग्राफीच्या टेबलावर झोपूनच विचारत होती, "म्हैस काय म्हणतीय?" म्हणलं आहे तिथंच आहे. तर म्हणे, "रात्री दोनदा उठवती. पण आता मी ड्युटीवर पाणी पिते, लोकं थांबतात दोन मिनिटं."